कवच शाबूत आहे

ता. ५

चि. ढुशीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी आला तो तुमच्या क्लबचा सेक्रेटरी, आणि आल्या आल्या टेकायला निघाला तो अंड्यांच्या ट्रेवर. मी हात धरला म्हणून, नाहीतर अडीच डझनांचा लगदा पँटीला लावून घरी गेला असता. मागून तुझे कोच, हातात तुझा फोटो. तू हवेत, चेंडू कपाळावर. बाई, काय उडी ती. फोटो मी दुकानात अंडी तपासायच्या बल्बच्या वरच, भिंतीला लावलाय, दिवसभर तू समोर. लहानपणी वासरासारखी ढुशी मारायचीस म्हणून नाव ठेवलं, त्याचं एवढं कौतुक होईल असं कुणाला वाटलं होतं?

तर कोचांनी कागद काढला. पुढची दोन वर्षं तू त्यांच्याकडे खेळणार, पालक म्हणून माझी सही हवी. त्यांना वाटलं म्हातारी अंगठा उठवेल. मी दुसरीपर्यंतच शिकले खरी, पण बोट फिरवत फिरवत सगळं वाचते. खाली बारीक अक्षरात होतं, डोक्याला इजा झाल्यास क्लब जबाबदार नाही. मी विचारलं, रोज किती चेंडू घेते डोक्यावर? कोच छाती फुगवून म्हणाले, साठ तरी. गेल्या महिन्यात गोलकीपरचं कोपर लागलं तेव्हा? तर म्हणे लगेच उठली, रक्त नाही, टेंगूळ नाही.

मी एक अंडं फडक्यात गुंडाळून चहाच्या डब्यात घातलं नि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, हलवा, साठ वेळा. बिचारे हलवत बसले. बाहेर काढलं तर कवच शाबूत, चरासुद्धा नाही. मग बशीत फोडलं. आत बलक कुठला नि पांढरं कुठलं, काही पत्ता नाही. सेक्रेटरी म्हणाला, आजी, पोरीचं डोकं म्हणजे अंडं नव्हे. मी म्हटलं, नाहीच. अंडं मला दुसरं मिळतं.

सही केली नाही. कागद माझ्याकडेच ठेवून गेलेत, पंचवीसला, गुरुवारी अकराला परत येतो म्हणालेत. मांजरीने तुझ्या डाव्या बुटात घातलेल्या तीन पिल्लांचे डोळे उघडले का, ते कळव.

माया आहेच, तिला तडा जाऊ देऊ नकोस.
तुझी आजी

ता. ११

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तू हे काय करून ठेवलंस? कोचांनी डब्याची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. मुली आता मला आम्लेट म्हणतात. तू अंड्यांची पारख कर, चेंडूची मला करू दे. डोकं थोडं दुखतं, पण ते उन्हाने. गोळी घेतली की थांबतं. मुकाट्याने सही कर, नाहीतर माझी जागा दुसरीला जाईल. डोकं माझं आहे, आजी.

रागावले आहे, तरी एक गंमत सांगायची राहिलीच. आमच्या वसतिगृहाच्या मांजरीने माझ्या बुटात पिल्लं घातली. डाव्या. तीन आहेत.

राग ओसरेपर्यंत लोभ असू दे.
तुझी ढुशी

ता. १६

चि. ढुशीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत तुझी तीन पत्रं परत पाठवते आहे. तिन्हीत मांजर डाव्याच बुटात व्याली आहे, आणि तिन्हीत ती गंमत सांगायची राहिलेली आहे. पहिल्यांदा मी पोट धरून हसले. दुसऱ्यांदा वाटलं, पोर आनंदात आहे. तिसऱ्यांदा पत्र घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बेशुद्ध पडलं तरच इजा होते असं नाही. छोटे धक्केही साचत जातात. आजपासून खेळ बंद, आणि आधी तपासून घे म्हणावं. तुझे कोच कपाळाचा फोटो घेऊन हिंडतात, आतलं कुणी बघितलंय?

डोकं तुझं आहे म्हणतेस. आहेच. सही माझी आहे. ती मी करत नाही. शिव्या दे, आयुष्यभर अबोला धर, पण कशासाठी धरलास ते तुझ्या लक्षात राहायला हवं.

आम्लेट म्हणणाऱ्या पोरींना माझे आशीर्वाद सांग. त्यांच्याही आज्यांचे पत्ते पाठव.

रागासकट लोभ चालेल.
तुझी आजी

ता. २०

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तिन्ही पत्रं वाचली. अक्षर माझंच आहे. पहिली दोन लिहिल्याचं आठवत नाही. तुझ्या पत्रात पिल्लांबद्दल विचारलेलं होतं, तेही वाचून विसरले होते.

सरावाला गेले नाही. कोच म्हणाले, एवढा शेवटचा सामना खेळ. मी म्हटलं, तुम्ही घ्या साठ डोक्यावर, मी मोजते. आज इथल्या डॉक्टरांना दाखवलं. डोकेदुखी कोपर लागल्यापासूनची, हेही खरं सांगून टाकलं. तपासण्या लिहून दिल्यात, आणि सक्त विश्रांती. पुन्हा खेळायचं की नाही ते डॉक्टर आणि मी ठरवू. दोन मुलींनी गुपचूप विचारलं, त्यांनाही दुखतं. पत्ते सोबत आहेत.

बुधवारच्या गाडीने येते. तू सही करू नकोस, पण कागदही फाडू नकोस. तो मला फाडायचा आहे.

लोभ आहे, या वेळी आठवणीने.
तुझी ढुशी

ता. क. पाहुणे गुरुवारी अकराला येणार, हे तळहातावर लिहून ठेवलं आहे.