दोन अक्षरांचं सबटायटल

१० जानेवारी, शनिवार

ट्रेलर आला. 'पेल हार्बर झिरो'! प्रीक्वेल! म्हणजे आता कॅप्टन व्हेरा लहानपणी कुठल्या शाळेत होती, ते जॅकेट तिने कुठून घेतलं, कपाळावर खोक कशी पडली — सगळं बैजवार दाखवणार. कुणी विचारलं होतं? मी तिन्ही भाग कितीदा बघितलेत, मला एकदाही प्रश्न पडला नाही की खोक कशी पडली. पडली असेल! माणसं पडतात!

प्रीक्वेल हा प्रकारच मला पटत नाही. ज्यांचा शेवट आपल्याला ठाऊक आहे त्यांना सुरुवातीला हसताना बघायचं. त्यांना काही माहीत नाही, आपल्याला सगळं माहीत. यात करमणूक कसली? लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं वाटतं. आमचा कपाटात वरच्या फळीवर आहे, मी काढत नाही.

वैजनाथचा मेसेज — "नावातच झिरो हाय म्हणल्यावर गोष्टीत काय असणारंय." हा मूळचा परळीचा. इथे वाघोलीत माझ्या शेजारच्या सोसायटीत राहतो आणि या सिनेमांच्या बाबतीत माझ्याइतकाच येडा आहे.

पूर्वी ट्रेलर आला की निशा ऑफिसातून फोन करायची. "बघितलास? नाही ना? बघू नकोस, थांब, मी घरी येतेय!" आज फोन नाही. दोन वर्षं होत आली तिला हे घर सोडून खडकीला आईवडिलांकडे जाऊन. पण संध्याकाळी तिचा मेसेज आला. एकच शब्द. "झिरो??"

दोन प्रश्नचिन्हं! म्हणजे चिडलीय. म्हणजे अजून आमच्याच पार्टीत आहे.

११ जानेवारी, रविवार

आज पहिला भाग लावून बसलो. आमच्या सबटायटलांसकट.

निशा भेटली तीच सबटायटलांमुळे. 'हार्बर कट्टा' नावाचा आमचा ग्रुप होता, अजून आहे. आम्ही काही रिकामटेकडे त्यावर सिनेमाची मराठी सबटायटलं करायचो. कुणी करायला सांगितलं नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं. पण भांडायचो असं, जसं काही अख्खा महाराष्ट्र खोळंबलाय!

सगळ्यात मोठं भांडण पहिल्या भागाच्या शेवटावरून. यान सुटणार, पण बाहेरचा खटका कुणीतरी मागे राहून दाबायला हवा. कॅप्टन व्हेरा हेल्मेट घालते, दारात वळते आणि म्हणते, "आय ॲम ऑफ." दार बंद. संपलं. लोकांनी हे टी-शर्टवर छापून घेतलंय. मी सबटायटल लिहिलं — 'जाते.' ती मरायला चाललीय, तिला ते माहीत आहे, दुसरा शब्दच नाही! निशाने ते खोडून 'येते' केलं. मी परत 'जाते'. तिने परत 'येते'. तीन आठवडे!

"जाते कोण म्हणतं रे घरातून निघताना? तुमच्या नारायण पेठेत म्हणतात?"

नारायण पेठेतही नाही म्हणत. कुणी चुकून 'जातो' म्हणालं तर आमची आई अजून जिन्यातून परत बोलावते — "येतो म्हण आधी." पण हा सिनेमा आहे! शेवटी प्रकरण खडकीला, निशाच्या वडिलांसमोर गेलं. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो या भांडणापायी. हिंमतराव दारूगोळा कारखान्यात नोकरीला. त्यांनी क्वार्टरच्या छोट्या खोलीत चहा पितापिता तो सीन बघितला, कप खाली ठेवला.

"हे बघा, दारूगोळ्यात काम करणारा माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नसतो. आमच्या घरात हा शब्दच नाही. बाई 'येते'च म्हणाली असणार."

विषय संपला. 'येते' राहिलं.

आणि तिसऱ्या भागात व्हेरा परत आली! म्हातारी होऊन, काठी टेकत, पण आली! थिएटरात निशाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला होता! "बघ! येते म्हणाली होती की नाही?" मी ढसाढसा रडत होतो. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही.

१४ जानेवारी, बुधवार

कट्ट्यावर निशाचा तिळगुळाचा मेसेज. सगळ्यांना. सगळ्यांत मीपण आलो.

२५ जानेवारी, रविवार

वैजनाथला आज सांगून टाकलं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

निशा बॅगा घेऊन निघाली त्या दिवशी भांडण नव्हतं. आदळआपट नाही, काही नाही. आदल्या आठवड्यात एकदा म्हणाली होती, "आपण एकमेकांकडे बघतच नाही शुभंकर, दोघं मिळून पडद्याकडे बघतो." मला ते ऐकताना छानच वाटलं होतं! असो. त्या दिवशी तिने चपला घातल्या, बॅग उचलली, दारात वळली आणि म्हणाली, "येते."

येते!

नंतर कागद आले. तिने सह्या केल्या होत्या, मीही केल्या. सतरा फेब्रुवारीला कोर्टात शेवटची तारीख, मग कायद्याने मोकळे. होऊ दे कोर्टाचं काय व्हायचंय ते! ही बाई याच शब्दासाठी माझ्याशी भांडली आहे. बाकी कुणी म्हणालं असतं तर मी समजलो असतो. पण निशा? निशाला कळणार नाही आपण काय म्हणतोय ते?

वैजनाथ वडापावचा कागद चुरगळत बसला होता. म्हणाला, "आसंल बाबा."

३० जानेवारी, शुक्रवार

निशा येतेय! कट्ट्यावर विचारलं होतं, कोण कोण येणार. बाकीच्यांची लग्नं, पोरं, परदेश. वैजनाथ 'हो'. मग तिने लिहिलं, "मी आहे. तीन बघितले, आता हाही बघून टाकू."

'टाकू' मला आवडलं नाही. पण येतेय! निळा शर्ट इस्त्रीला दिला.

७ फेब्रुवारी, शनिवार

बघितला.

दुपारचा शो. मधे वैजनाथ, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. बिचाऱ्याने सगळा वेळ पॉपकॉर्नचा डबा मधोमध धरला होता.

सिनेमा भिकार! यानाचं नाव कसं पडलं हे सांगण्यात अर्धा तास घालवला. पुढचा खलनायक इथे गोबऱ्या गालांचं पोरगं — का, तर आम्हाला त्याची दया यावी! आणि पहिल्या भागात जो यंत्रमानव व्हेराला "आपण कोण?" असं विचारतो, तो इथे तिच्या स्वयंपाकघरात भांडी घासतोय! मग पुढे ओळखलं कसं नाही तिला? आपलेच आधीचे भाग बघायला यांना वेळ नाही का?

हे सगळं मी गिळलं असतं. पण तो सीन! तरुण व्हेरा कामावर निघालीय. तोंडात ब्रेड, एकाच पायात बूट, किल्ल्या सापडत नाहीत. दारातून ओरडते, "आय ॲम ऑफ!" डबा विसरला म्हणून परत येते, परत जाताना परत तेच. दुसऱ्या दिवशी तेच. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना तेच! आणि लोक हसले. हसले!!

बाहेर चहाच्या टपरीवर माझी तोफ सुरू झाली. ज्या वाक्यावर आपण रडलो त्याची यांनी पार वाट लावली वगैरे. वैजनाथ मान हलवत होता. निशा म्हणाली, "मला तेवढाच सीन आवडला."

"तो?"

"खरा होता रे. रोजचं बोलणं होतं ते तिचं. त्या दिवशीही सवयीने तोंडातून तेच निघालं. त्यात काहीच नव्हतं. आपणच उगाच तीन आठवडे भांडलो."

वैजनाथ ग्लास परत द्यायला उठला आणि तिकडेच थांबला.

मी विचारलं, "आणि तू?"

"मी काय?"

"आपल्या दारात. निघताना."

ती खरंच आठवायला लागली. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून. मग म्हणाली, "मी काय म्हणाले होते?"

"येते म्हणालीस."

आधी तिला कळलं नाही. मग कळलं. माझ्याकडे बघत राहिली. इतकं सरळ माझ्याकडे तिने कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. "अरे देवा, शुभंकर," एवढंच म्हणाली. चहा तसाच राहिला तिचा.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन वर्षं मी ज्या शब्दावर दिवस काढले तो तिला आठवतही नाही. दुपारभर रडलो. आईचा फोन आला, सर्दी झालीय म्हटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिंमतरावांचा फोन. येत्या महिन्यात निवृत्त होतायत. "कोर्टाचं कोर्टात, जावईबापू. तुम्ही येत जा. नाहीतर तो अंतराळातला धिंगाणा मला कोण समजावणार?" अजून जावईबापू!

फोन ठेवताना मी सवयीने "येतो बाबा" म्हणालो. सवयीने! मलाच ऐकू आलं ते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. नाव विचारलं, संमती आहे का विचारलं, हो म्हटलं, झालं.

बाहेर पार्किंगमध्ये निशाने स्कार्फ बांधला, हेल्मेट घातलं, गाडीला किल्ली लावली. माझ्याकडे वळली. "ये—" एवढं तोंडातून निघालं. थांबली. हेल्मेट परत काढलं.

"जाते, शुभंकर."

मी "बरं" म्हटलं.