गाठ आहे का?

आत्या,

परवा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, अंगावर कुठे गाठ आहे का, आणि मी नाही म्हणाले. आहे. डाव्या काखेत, सुपारीएवढी, दिवाळीपासून. मी गेले होते खोकल्याच्या औषधासाठी, त्यांनी सहज विचारलं, आणि विचार करायच्या आत उत्तर तोंडातून बाहेर पडलं. ते उत्तर तू मला शिकवलेलं आहेस, म्हणून तुला लिहायला बसले.

त्या दिवसाबद्दल तू पुन्हा कधी बोलली नाहीस, तेव्हा मीच सांगते. मी सात वर्षांची होते. आई चार दिवस माहेरपणाला म्हणून ठाण्याहून कल्याणला गेली आणि तिथे तिला ताप भरला. प्लेगच्या माणसांसाठी कल्याणच्या बाहेर तट्ट्यांच्या झोपड्या बांधल्या होत्या, तिथे तिला नेलं. दुपारी घटकाभर दुरून बघू देतात, असा मामाचा निरोप आला. दादा ओसरीवर बसून राहिले. एरवी भिणारा माणूस नव्हे, पण त्या आठवड्यात आमच्या आळीतली तीन घरं बंद झाली होती आणि कुणी कुणाचा उंबरा ओलांडत नव्हतं. तू आलवणाचा पदर कपाळावर ओढलास, गाठोडं बांधलंस आणि भावाला म्हणालीस, मी जाते, पोरीलाही नेते, पोरीला बघितलं तर ती उठून बसेल. मला सगळे सांगत होते की रविवारी तुझी आईशी गाठ पडेल. मी ते शब्द मनात घोकत होते.

खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ झाला. खाली मिठागरांत पांढरे ढीग. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तशी मी तुझा हात घट्ट धरला आणि कळ थेट खांद्यापर्यंत गेली. उजव्या तळहातात बाभळीचा काटा मोडला होता, त्याने काखेत अवधाण आलं होतं, सुजून टणक गोळा झाला होता. उजेडात आल्यावर तू डब्यातल्या बायकांकडे एकदा बघून घेतलंस आणि माझ्या कानाशी वाकलीस. कल्याणला बायकांना तपासतात, गाठ आहे का विचारतील, नाही म्हणायचं. काय म्हणायचं? नाही. परत म्हण. नाही. डोंबिवलीला गाडी थांबली तेव्हा पुन्हा म्हणायला लावलंस. फलाटावर चिटपाखरू नव्हतं, तरी तू कुजबुजतच होतीस. तू घाबरली आहेस हे मला तेव्हा कळलं, आणि मग मी जास्तच घाबरले.

तुझ्या एक गोष्ट लक्षात आली नाही. काखेत होतं त्याला घरात सगळे अवधाण म्हणत होते. मला गाठ म्हणजे एकच गाठ माहीत होती.

फलाटावर बायकांसाठी कनात लावली होती. आमच्या पुढची बाई आत गेली आणि दुसऱ्या बाजूने तिला कुठेतरी नेलं. तिची टोपली रांगेतच राहिली, ती कुणी उचलेना. आत एक गोरी डॉक्टरीण खुर्चीवर बसलेली, आणि मराठी बोलणारी नर्स विचारत होती. ताप येतो का? नाही. गाठ आहे का?

मी तुझ्याकडे बघितलं. तू डोळे मोठे केलेस. माझ्या मनात आलं, नाही म्हटलं तर ह्या आपल्याला इथूनच परत पाठवतील.

"आहे," मी म्हणाले. "आजच आहे."

नर्सचा हात काखेत गेला आणि तिथेच थांबला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. परक्या माणसासमोर कधी न बोलणारी तू घडाघडा बोलायला लागलीस, काटा आहे हो हातात, हात बघा तिचा. नर्स म्हणाली, "तुम्ही जा आजी. मुलगी इथे राहील." तू चाळिशीचीही नव्हतीस.

"मग मीही राहते," तू म्हणालीस. एवढंच.

स्टेशनाच्या मागे पत्र्याच्या छपराखाली आपल्याला बसवलं. मी रडत होते की आईची गाठ राहिली, मी तर आहे म्हणाले होते. तेव्हा तुला उलगडा झाला. तू पदराचा बोळा तोंडात धरलास आणि तुझे खांदे हलायला लागले. तू हसत होतीस की रडत होतीस, मला आजही सांगता यायचं नाही. मग नर्सकडून सुई मागून घेतलीस आणि काटा काढलास. तो पानाच्या तुकड्यावर ठेवून तू दुपारभर हात पुढे करून बसलीस, डॉक्टरीण येईल तेव्हा दाखवायला. तिने तीन वेळा ताप बघितला आणि उन्हं उतरल्यावर सोडलं. आपण पोचलो तेव्हा झोपड्यांचं फाटक बंद झालं होतं. शिपायाने गाठोडं घेतलं. देतो म्हणाला.

आई मंगळवारी गेली.

पण रविवारी घरी पोचल्यावर दादांना तू सांगितलंस, "गाठ पडली. पोरीला बघून हसली." दादांनी मला विचारलं, हो ना गं? मी हो म्हटलं. ते वाक्य त्यांना मरेपर्यंत पुरलं. मला तू कधी बोल लावला नाहीस. फक्त मी कॉलेजला निघाले तेव्हा ट्रंकेत कपडे भरता भरता म्हणालीस, कुणी काही विचारलं की आधी नाही म्हणायचं, मग विचार करायचा. मी ते मनावर घेतलं. पालकांना, तपासनिसांना, मला बघायला आलेल्या दोघांना, सगळ्यांना नाही म्हणत आले. शाळेतल्या मुली माझ्यामागे मला नाहीबाई म्हणतात. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंकडे परत गेले आणि आहे म्हणाले. त्यांचा हात काखेत गेला आणि तिथेच थांबला. उद्या पहिल्या गाडीने मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायचं आहे. दुपारी शाळेत माझ्या हाताखालच्या बाईंना बोलावलं आणि रजा घेते म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "गाठ आहे."

"अय्या, कुणाची?"

"माझीच."

त्या आधी हसल्या, मग बाकावर बसल्या.

आत्या, मला भीती वाटते. तेव्हाइतकीच वाटते, आणि तू गेल्यापासून मीही राहते म्हणायला कुणी नाही. हे मी आणखी कुणाला सांगणार नाही. कागद कुलपात ठेवला असता, पण किल्ल्या शाळेतल्या त्या बाईंना देऊन बसले.

त्यांच्या हातात दिलं ते असं: कपाटाच्या किल्ल्या दोन, घंटेचा हातोडा, सातवीच्या तपासलेल्या वह्या, आणि माझी छत्री. छत्री परत लागेल, असं बजावलं आहे.