शेपटीवाली कोमल चिन्हं

३ मार्च
किळस आली. आमच्या उस्कुदारच्या तुर्की गायन मंडळात कागदावर छापलेलं असतं एक, गातात भलतंच. उश्शाक मकामात, म्हणजे त्या स्वररचनेत, तो एक स्वर छापलाय तिथे कुणीच लावत नाही. चढताना वर, उतरताना आणखी खाली. सगळे खुशाल! ऊद हे तंतुवाद्य वाजवणारे रुकनेद्दिन आबी, सगळ्यांचे थोरले भाऊ, म्हणतात, अरे नेजाती, तो स्वर गुरूच्या तोंडून उचलायचा असतो, कागदात काय शोधतोस? शी. अडाणीपणाचा अभिमान.
निश्चय: सप्तकाचे त्रेपन्न समान भाग. प्रत्येक भागाला वेगळं चिन्ह. लबाडीला जागाच नको.

८ मार्च
चिन्हं तयार. जितका स्वर खाली, तितक्या कोमल चिन्हाला शेपट्या. माझं नवं गाणं त्यातच लिहिलं. आमच्या संचालिकाबाई बेहिजे हानम या मैफिलीनंतर निवृत्त होणार. पुढचा संचालक कोण, हे सांगायला हवं का? त्यांनी गाणं मैफिलीत घेतलं. कागद पाहून मात्र विचारलं, ही बेडकाची पिल्लं का रे?

१५ मार्च
तालीम. किळसवाणी. पुढच्या रांगेत गाणाऱ्या म्युझेय्यन हानम म्हणाल्या, एवढ्या शेपट्या मोजेपर्यंत गाणं संपतं. आबींनी माझ्या चिन्हांना पेन्सिलीने बेडकाचे डोळे काढले. वर सगळे तिळाचे गोल पाव, सिमित, खात होते, तीळ माझ्या कागदांवर!
मोबाइलचा ट्यूनर मला बेसूर दाखवतोय. चायनीज माल.

२२ मार्च, दुपार
आज मैफल. सगळ्यांना बजावलं, लिहिलंय तस्संच गायचं. सगळे एका सुरात म्हणाले, आपला हुकूम. सुधारले बिचारे. भाषणाचे मुद्दे काढले.

२२ मार्च, रात्री
जिंकलो! श्रोत्यांच्या पहिल्या रांगेतले एक आजोबा चक्क रडले. माझ्या चिन्हांची कमाल. एकच घाण: आमच्या गायकांच्या मागच्या रांगेतलं कुणीतरी सबंध गाणंभर बेसूर होतं. पुढचे गायक वळून वळून बघत होते, माझ्याच दिशेने, म्हणजे तो माझ्या शेजारीच असणार. संचालक झालो की पहिलं त्याला हाकलणार.

२३ मार्च
बेहिजे हानमचा फोन. म्हणाल्या, नेजाती बेटा, गाणं फार गोड आहे रे, मनापासून सांगते. आबींनी सगळ्यांना ते चोरून तोंडी शिकवलं होतं. कागदावरून गाणारा एकटाच होता.
संचालक आबी झाले. पहिल्याच हुकमाने माझं गाणं पुढच्या मैफिलीतही ठेवलंय. मीही त्यात उभं राहायचं आहे. फक्त ओठ हलवायचे.