माझ्या अंत्यविधीला कोणाचीच फुलं नकोत

मी, तोमेकिची ओनोदेरा, वय चौऱ्याऐंशी, राहणार कामियुरा बंदर, धंदा जाळी दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, पोट नाही. वसंतापर्यंत राहीन का असं विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. आणि आमदार शिन्गो हातानाकाची निवडणूक एप्रिलमध्ये आहे.

घर, शेड आणि बँकेतली शिल्लक मुलगी फुसाए हिला. जाळ्याच्या सुया मच्छीमार संस्थेला.

शिडी शेजारच्या सुगावाराला अजिबात देऊ नये. त्याची बायको गेली तेव्हा शिन्गोच्या कचेरीतून शिन्गोच्या नावाची फुलं आली. याने ती पुढच्या रांगेत मांडून घेतली आणि नंतर त्यांचाच फोटो पेपरला दिला. आमदाराने मतदारांच्या मयताला फुलं पाठवणं गुन्हा आहे, हे मलाही कळतं. पण फुलं आली नाहीत तर हेच लोक विचारायचे, आमचं काय चुकलं? आता चौकशी लागली आहे. त्सुनामीच्या लाटेनंतर आमचा धक्का शिन्गोमुळे उभा राहिला. समुद्राचा बांध अजून अर्धा आहे. शिन्गो पडला तर बांध तसाच राहील.

मुख्य कलम. मी त्याच्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष. मतदानाआधी मी गेलो आणि त्याची फुलं आली, तर तो संपला. नाही आली, तर गाव म्हणेल, म्हाताऱ्यालाही विसरला, तरी संपला. मला झोप नाही. म्हणून मतमोजणी होईपर्यंत माझं मरण कोणाला कळवू नये.

हे फुसाएला वाचून दाखवलं.

"बाबा, तुम्हाला काय बांगडा माशांबरोबर बर्फात ठेवू?"

"शीतगृहवाला ओळखीचा आहे."

"त्या शिन्गोसाठी? चौकशी लागल्यापासून एकदा तरी दारात आला का?"

"फोटो काढतील म्हणून येत नाही गं बिचारा."

"मी त्याला मत देणार नाही. तेही लिहा."

लिहिलं.

मुख्य कलम रद्द समजावं. त्याऐवजी: अंत्यविधी उघड करावा, पण कोणाचीच फुलं घेऊ नयेत, भावकीचीसुद्धा. म्हणजे शिन्गोची नाहीत हे कोणाला दिसणार नाही.

मतदानाआधी काही दिवस नगरपालिकेत मत टाकता येतं. तिथवर जगलो तर मला न्यावं, गाडीवर, पाठीवर, कसंही. नंतर माणूस मेला तरी ते मत मोजतात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी दोनदा विचारलं.

निवडणुकीच्या नवसाचा, एकच डोळा रंगवलेला दारुमा बाहुला फुसाएला. दुसरा डोळा शिन्गो जिंकला तरच रंगवायचा. कुंचला धुऊन शेजारी ठेवला आहे.

घरी लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत म्हणतात, पण मला राहवत नाही. मंडळातलं कोणी येईना. नाव पेपरात येईल म्हणतात. जे आले त्यांच्या सह्या घेतल्या.

कामियुरा, २ फेब्रुवारी २०२७
तोमेकिची ओनोदेरा (सही, शिक्का)

साक्षीदार:
१. हात्सुए चिबा, मच्छीमार संस्था
२. इसामु सुगावारा, शेजारी. शिडीचं वाचलं. नगरपालिकेत न्यायचं झालं तर गाडी माझी आहे.