बाईनं घेतलेला कागद

सोमवार, २४ नोव्हें. १९६९
तलाठ्याचा निरोप. वावराचा निकाल शांतीच्या बाजूनं लागला, एकतर्फी. बाबांच्या वावरात आता निम्मं तिचं. धाकटी बहीण. माझ्या खांद्यावर बसून पोळा पाहायची. तारखेला मी गेलोच नव्हतो. सौ.नं विचारलं, आता? म्हटलं, पाहू. पाहू-पाहू करतच इथवर आलो.

मंगळ. २५
रामदासपेठेत वकिलाकडे. तरुण आहे, तल्लख. म्हणाला, समन्स घेतलं कुणी? सांगितलं, मी वावरात होतो, सौ.नं घेतलं, सही करून. तो एकदम सावरून बसला.
"मग काम झालं काका. तुम्ही घरी नसताना घरच्या मोठ्या पुरुषानं घेतलं तर चालतं. बाईनं घेतलं म्हणजे कायद्यानं तुम्हाला मिळालंच नाही. हुकूम फिरवता येतो."
आयता लाडू हातात पडल्यागत झालं. आनंद घराच्या फाटकापर्यंत टिकला. सौ. दारातच उभी. काय म्हणाले वकील? म्हटलं, होईल काहीतरी.

गुरु. २७
तो दिवस डोळ्यापुढून जात नाही. वावरातून आलो, पाय धुवायच्या आधीच तिनं कागद पुढं केला. बेलिफानं विचारलं होतं, पुरुष माणूस नाही का घरी? ही म्हणाली, "मी आहो ना." अन् सही ठोकली. अक्षरं मीच शिकवली तिला. मी पोरांच्या पुस्तकांवरून शिकलो, ती माझ्यावरून. सरकारी कागदावरची पहिली सही, म्हणून केवढी खूश होती.
मी कागद पूर्ण वाचला. घडी करून देवाच्या फोटोमागे खोचला. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसं. म्हटलं, शांतीचा राग आहे, निवळेल. अन् मनात हेही, की दरसाल भाऊबीजेला लुगडं नेसवतो, वर वावर कशाला पाहिजे हिला?
यंदा भाऊबीजेला आलीच नाही.

रवि. ३०
जरीपटक्याला शांतीकडे. सायकलला संत्र्याची टोपली, दरसालची. वाटलं, परत करेल. घेतली.
"दावा दाव्याच्या जागी, संत्रा संत्र्याच्या जागी. बाबाच्याच झाडाचा आहे."
चहा दिला. साखर जास्त, मला लागते तशी. मग कप उचलता उचलता म्हणाली,
"भाऊ, कागद भेटला होता ना तुले? मले वाटलं तू येशीन तारखेवर. भांडशीन तरी. मी वाट पाहून राहिली होती."
मी सायकलची चेन उतरते त्याचं सांगत बसलो. साठी उलटलेला माणूस. येताना चेन खरंच उतरली. बरं झालं, खाली पाहायला निमित्त.

बुध. ३ डिसें.
अर्ज टाइप होऊन आला. उद्या कोर्टात शपथेवर सही. समन्स नीट बजावलं नाही, हे म्हणे खरंच आहे. पण पुढं, "सदर दाव्याची माहिती मला मागील आठवड्यात प्रथमच झाली." वकिलाला म्हटलं, सौ.नं मला त्याच दिवशी सांगितलं होतं हो. तो म्हणाला, "काका, हे मी ऐकलं नाही." मीही मग बोललो नाही असंच झालं.
संध्याकाळी सौ. शेजारी येऊन बसली. माझाच चष्मा लावला, अर्जातल्या ओळीखाली बोट धरलं. स्वतःच्या नावापाशी आली, हसली. पुढच्या शब्दाला अडली. जोडाक्षर. पुन्हा मागून सुरुवात.
"नि... र... क्ष... र."
अर्जदाराची पत्नी सौ. ... निरक्षर असून तिने कागदाबाबत अर्जदारास काही कळविले नाही. ही ओळ मी वकिलाकडेच वाचली होती. खोडा, म्हणालो नाही.
"हा शब्द तुमी नाही शिकवला मले. काय अर्थ होते याचा?"
म्हटलं, कोर्टातून आलो की सांगतो.
बरं, म्हणाली. चष्मा पुसून परत दिला. उद्यासाठी माझ्या पेनात शाई भरून ठेवली.