लक्ष्मणझुल्याचा दोर

वणी,
दि. २६ नोव्हेंबर १९६१

चि. इंदूस,

किसनदादाचा आशीर्वाद. सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं होतं, ते खोडलं. डाग दिसेल.

घनश्यामरावांच्या अस्थी हरिद्वारला नीट विसर्जित झाल्या. तिथले गुरुजी भले, पण भारी बडबडे. गंगाजळ आमच्या जथ्यातल्या फकिराबरोबर तुझ्याकडे पाठवलं आहे. मी घाटंजीला न उतरता सरळ इथे खाणीवर आलो, म्हणून तू रागावली असशील.

घनश्यामरावांना तुला लक्ष्मणझुला दाखवायचा होता, म्हणून तू मला तो पाहून यायला सांगितलंस. पाहिला. साडेचारशे फूट लांब, खाली नदीत एक खांब नाही, सारा पूल लोखंडी दोरांवर टांगलेला. लोक माशांना कणकेच्या गोळ्या टाकत होते आणि मी दोर बघत उभा. चौदा वर्षं खाणीत दुसरं केलं काय? खिशातला कापूस काढून दोरावरून फिरवला. तार तुटलेली असली की कापूस अडकतो. कुठे अडकला नाही.

आमच्या जथ्यातल्या बोरी अरबच्या तुळसाबाई पुलाच्या तोंडाशीच थांबल्या होत्या. "भाऊ, तुमी दोरातले जाणकार. तुटनार तं नाही ना हा?"

"ठीक आहे मावशी, चाला."

माझा हात धरून त्या निघाल्या. मधोमध मीच थांबलो. "तुमाले काय झालं?" असं त्या विचारत राहिल्या.

इंदू, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी खाणीतल्या दोरावर माझा कापूस तीन जागी अडकला होता. दोर बदलायला थांबलो असतो तर तुझ्याकडे यायची मोटार चुकली असती. वहीत 'दोर ठीक' लिहिलं. एक दिवस निभेल असं वाटलं. घनश्यामरावांना सुट्टी नव्हती, ते इथे खाणीत कामावर गेले. तू मला ओवाळत होतीस तेव्हा तो दोर तुटला, आणि कोळशाचे भरलेले डबे उतारावरून त्यांच्या अंगावर आले.

चौकशीत ठरलं की त्यांनीच दोराला जास्त डबे जोडले. तू मला म्हणालीस, "दादा, यायच्या हातून असं कसं झालं?" तेव्हा तुला हे सांगितलं नाही. डबे नेहमीएवढेच होते.

काल खाणीच्या साहेबांना खरं सांगायला गेलो. पण पुरावा उरला नाही: तो दोर भंगारात गेला, आणि वहीत माझ्याच अक्षरात 'दोर ठीक'. ते म्हणाले, "बहन के लिए अब झूठ बोलेगा? जाओ, काम करो." घनश्यामरावांवरचा ठपका आता कोणी काढणार नाही. माझ्या सांगण्याने तर तो निघणार नाहीच.

माफी मागत नाही. पुढच्या भाऊबीजेला माझ्यासाठी पाट मांडू नकोस. हे सगळं वाचूनही तू मांडलास, तर ते मला सोसायचं नाही.

किसन