नम्रतेवर बोलायला मीच सापडले

१३ फेब्रुवारी २०१६, शनिवार
मामांनी हे मुद्दाम केलं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, शनिवारांचे विषय आज प्रार्थनासभेत वाटले. कुणाला उपास, कुणाला दानधर्म. माझ्या वाट्याला "नम्रता आणि सौम्यता: इजिप्तच्या वाळवंटातले पहिले ख्रिस्ती साधू". अख्खी खोली हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला तो प्रकाश, माझा नवरा. मामा म्हणाले, "मंगल, ज्याला पथ्य लागतं त्यालाच सांगावं." मामा प्रकाशचे सख्खे मामा. आम्हाला सिंगापूरला आणलं त्यांनी, चोआ चू कांगमधली ही मराठी सभा सुरू केली त्यांनी. त्यांना कोण बोलणार?

वैशाली तेवढी हसली नाही. दाराजवळ बसली होती, मांडीवर तिची सहा वर्षांची इवा, हातात फोन. नवऱ्याचा, अमितचा, फोन आला की दुसऱ्या रिंगला उचलायचा असतो म्हणे.

१८ फेब्रुवारी, गुरुवार
मामांनी दिलेली पुस्तिका वाचतेय. झेरॉक्सची झेरॉक्स. ऑफिसला आंग मो किओपर्यंत जाताना मेट्रोच्या लाल लाइनवर भरपूर वेळ मिळतो.

माणसं गाव सोडून वाळूत जाऊन राहिली. खजुरीच्या पानांचे दोर वळायचे, कोरडी भाकरी खायची, आणि कुणी आरोप केला की जमिनीला डोकं टेकून म्हणायचं, क्षमा कर. चूक असो वा नसो! स्वतःची बाजू मांडायचीच नाही. एका म्हाताऱ्यावर शेजाऱ्यानं चटया चोरल्याचा आळ घेतला. म्हातारा वाकला, क्षमा मागितली, वर्षानुवर्षं चोर म्हणून राहिला. खरं बाहेर आलं तेव्हाही "बघा, मी सांगत होतो" म्हणाला नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कंपनीत क्यूएची, म्हणजे दर्जातपासणीची, हेड. आमच्याकडे जो चूक मान्य करतो त्याच्याच बोकांडी ती कायमची बसते. त्या म्हाताऱ्याला आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये बसवा म्हणावं एकदा.

२७ फेब्रुवारी, शनिवार
बोलले. छान झालं. फार छान झालं. चटयांची गोष्ट रंगवून सांगितली. शेवटी म्हातारा वाकतो तिथे मीही जरा मान खाली घातली. मामांच्या डोळ्यांत पाणी. दोघीतिघींनी भाषणाचा कागद मागून घेतला. वैशालीनंही.

नम्रतेवर बोलून टम्म फुगून घरी आले. हे कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

२ मार्च, बुधवार
ऑफिसमधून आले तर लिफ्टपाशी वै. उभी. इवा, एक पिशवी. डावा कान लाल, सुजलेला. "पडले" म्हणाली नाही, एवढं बरं. "त्यानं मारलं. इवासमोर." कारण काय, तर ती इथल्या एका बालवाडीत नोकरीसाठी विचारून आली होती. पुण्यात आठ वर्षं शिकवायची ती.

आमच्या रूथच्या खोलीत दोघींची गादी घातली. रूथ मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, जस्ट कॉल द पोलीस, लाह. व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

मी म्हटलं, मामांशी बोलू आधी. तिचा इथे राहायचा पास अमितच्या नोकरीवर आहे. त्यानं रद्द केला तर ही परत, आणि इवा त्याच्याकडे. घाई नको.

मी. घाई नको म्हणणारी मी!

५ मार्च, शनिवार
मामा अमितला घेऊन आले. अमित वन-नॉर्थ भागातल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. बायकोनं घर सोडलं, मुलीला घेऊन गेली, याचं त्याला "दुःख" झालं होतं. लेखी माफी हवी होती त्याला. "फक्त आमच्या दोघांत राहील."

मामा वै.ला म्हणाले, "गेल्या शनिवारी ऐकलंस ना पोरी? त्या साधूनं काय केलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. का हलवली? मामांसमोर हलवली. आपलं भाषण एवढं कुणी मनावर घेतलं म्हणूनही हलवली.

तिनं मराठीत लिहिलं: माझं चुकलं असेल तर क्षमा करा. मामांनी "असेल तर" खोडलं. "अट घातली की ती क्षमा कसली?" अमितला इंग्रजीत पाहिजे होतं. माझं इंग्रजी चांगलं. मी बसले आमच्याच जेवणाच्या टेबलाशी आणि ऑफिसातल्यासारखं स्वच्छ करून दिलं. "आय टेक फुल रिस्पॉन्सिबिलिटी" हे वाक्य माझं आहे. तिच्या मनात असलं काही नव्हतं. मुलीची हेळसांड झाली, हेही घातलं, कारण अमित म्हणाला घाला.

तिनं सही केली, त्याच्या पायाशी वाकली. मामांनी प्रार्थना केली. इवा बुटांचे बंद बांधून तयार होती.

रूथ जेवायला आली नाही.

१४ एप्रिल, गुरुवार
वै.चा फोन ऑफिसात. त्यानं पुन्हा मारलं. या वेळी ती आमच्याकडे आली नाही. पोलीस, डॉक्टर, मग कोर्टात प्रोटेक्शन ऑर्डरचा, त्यानं हात लावू नये या हुकुमाचा, अर्ज, सगळं एकटीनं केलं. ती आणि इवा आता एका आश्रयगृहात आहेत. अमितनं वकील दिलाय. त्याच्या उत्तराला पहिलाच कागद जोडलाय तो माफीनामा.

तिनं फोटो पाठवला. माझ्या वाक्यावर पिवळी रेघ.

वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओरडले. बाहेरून कुणीतरी विचारलं, "यू ओके?" नाही. नाही. अजिबात नाही. त्या अमितचं तोंड रंगवावंसं वाटतंय. मामांची ती पुस्तिका, ते खजुरीचे दोर, तो चटईवाला म्हातारा... आणि मी. माझं ते झकास इंग्रजी.

१६ एप्रिल, शनिवार
सभेत मामांना सगळ्यांसमोर विचारलं, तिला मार पडला होता हे तुम्हाला माहीत होतं की नाही?

"संसारात भांड्याला भांडं लागतं."

"कान सुजला होता मामा!"

"बघ, किती चिडतेस. सौम्यतेवर तूच बोललीस ना?"

हातातले भाषणाचे उरलेले कागद मी भिरकावले. एक त्यांच्या चष्म्याला लागला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. सगळे त्यांच्याकडे धावले, "लागलं का, लागलं का." मुद्दा गेला खड्ड्यात. आता सगळीकडे बोलणं एकच: मंगलनं मामांवर कागद फेकले.

लिफ्टमध्ये प्र. म्हणाला, "ते नसते तर आपण इथे नसतो." मला म्हणायचं होतं, तर नसतो. म्हटलं नाही. भीती वाटली की तो खरंच तसा विचार करेल.

२३ एप्रिल, शनिवार
सभेला गेले नाही. पुस्तिका फाडून टाकायला काढली आणि वाचत बसले.

त्याच म्हाताऱ्याची आणखी एक गोष्ट आहे. मी तेव्हा वाचली होती! वीस मिनिटांत बसत नव्हती आणि "विषयाला धरून" वाटली नाही, म्हणून गाळली. पलीकडच्या झोपडीतल्या साधूवर असाच खोटा आळ आला, तेव्हा हा म्हातारा वाकला नाही. दोर टाकले, दोन दिवस वाळूतून चालत गावात गेला आणि भर चावडीत म्हणाला, हा निर्दोष आहे, मी पाहिलंय. स्वतःवर आळ आला तेव्हा तोंड उघडलं नाही त्यानं. दुसऱ्यावर आला तेव्हा बोलायला एवढा चालला.

आपली मान आपण वाकवायची. मामांनी आणि मी दुसरीच्या मानेवर हात ठेवून ती खाली दाबली, आणि वरून प्रार्थना केली. याला नम्रता म्हणत नाहीत, दमदाटी म्हणतात. एवढं कळायला मला दोन महिने लागले आणि तिला दुसऱ्यांदा मार खावा लागला.

२४ एप्रिल, रविवार
वै. आणि इवाला हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, भेटले. मनाशी ठरवून गेले होते की त्या साधूंसारखं करायचं. टेबलाच्या कडेला गुडघ्यावर बसले. ट्रे उचलणाऱ्या मावशी थांबून बघायला लागल्या.

वै.नं माझं कोपर असं धरलं की अजून दुखतंय. "ऊठ. हे तुझ्या समाधानासाठी चाललंय. मला त्याचा काही उपयोग नाही."

उठले. म्हटलं, "मी तरी काय करणार होते गं, मामा समोर—"

"बघ. लगेच."

चहा गार झाला. मग ती म्हणाली, "ते पत्र माझं नाही, हे लिहून दे. कोर्टात येऊन सांग. मामांचं नाव घालून." आणि थोड्या वेळानं, इवाकडे बघत, "ऑर्डर मिळाली नाही तर मी कुठे जाऊ, मंगल?"

राग आला मला. तिचा. गुडघे टेकले तरी पुरेना हिला, असा. घरी येईपर्यंत टिकला. खोटं कशाला लिहू.

३० एप्रिल, शनिवार
जबाब लिहून दिला. कोणतं वाक्य तिचं, कोणतं मामांनी खोडलं, कोणतं माझं. प्र. म्हणाला, "मामांचं नाव तेवढं टाळ. म्हाताऱ्या माणसाला कोर्टात ओढू नकोस." मी म्हटलं, तिला ओढलं तेव्हा कुठे होतास? तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तोही त्या दिवशी टेबलाशीच होता. चहा केला होता त्यानं सगळ्यांना.

नाव घातलं.

१८ जून, शनिवार
वै.ची वकीलबाई भेटली. तमिळ, पन्नाशीची, घड्याळाकडे न बघता नीट बोलणारी. म्हणाली, समोरचा वकील पत्राबद्दल फारसं विचारणारच नाही. तुमच्याबद्दल विचारेल. भडकू बाई, नवऱ्याच्या मामावर राग, त्याचा सूड म्हणून आता मैत्रिणीसाठी खोटं बोलतेय. "मॅडम, ही विल पोक यू. यू एक्स्प्लोड, वी लूज."

आणि मामा अमितकडून साक्षीदार आहेत. कागद फेकल्याचं तेच सांगणार.

म्हणजे आता मलाच सौम्य व्हायचंय. खोटं खोटं नाही. वीस मिनिटांचं भाषण नाही. कुणीतरी तोंडावर मला खोटारडी म्हणेल आणि मी फक्त विचारलं तेवढंच सांगायचं. इवा कुठे राहणार ते माझ्या जिभेवर. पन्नास वर्षांत न जमलेली गोष्ट आता तीन आठवड्यांत.

संताप येतोय, आणि तो आल्याचाही संताप येतोय.

३ जुलै, रविवार
सराव. रूथ वकील झाली. "मिसेस मंगल, यू आर अ व्हेरी अँग्री पर्सन, करेक्ट?" मी म्हटलं, कोण म्हणतं? रूथ म्हणाली, "आई! फर्स्ट क्वेश्चन ओन्ली!"

चार वेळा केलं. चारही वेळा तोंड सुटलं. एकदा तर उशी फेकली.

मग प्र. टीव्ही बंद करून उठला. रूथला म्हणाला, सरक. तिच्या खुर्चीत बसला, हळू आवाजात सुरू झाला. एकोणीस वर्षांचा संसार, कुठे टोचायचं ते त्याला बरोब्बर माहीत. माझी आई. माझं प्रमोशन हुकलं ते. "पत्र तुम्हीच लिहिलंत. मग आज खोटं बोलताय की तेव्हा बोललात?"

तोंड उघडलं. मिटलं. "पत्रातलं इंग्रजी माझं आहे. मजकूर तिचा नाही. तेव्हा मी चुकले." बस, एवढंच म्हटलं.

प्र. टेबलाकडे बघत म्हणाला, "मी पण होतो ना गं तिथे." परत टीव्ही लावला नाही.

११ जुलै, सोमवार, कोर्टाबाहेर, सकाळचे सव्वानऊ
बाकावर बसून लिहितेय, हात कशात तरी गुंतलेला बरा. प्र. आज रजा टाकून आलाय. तो या बाजूला बसलाय, माझ्या शेजारी. एवढं पुरे, जास्त कौतुक नको.

मामा आत्ताच आले. काठी, पांढरा शर्ट, खिशात छोटं बायबल. अमितनं त्यांना धरून आणलं. समोर येऊन थांबले. मला वाटलं, आशीर्वाद देतात की काय. म्हणाले, "मंगल, अजून वेळ आहे पोरी. जबाब मागे घे. नम्र हो."

दहा उत्तरं तयार होती. दहाही खरी होती. त्यातलं एक तर असं होतं की मामा जन्मात विसरले नसते. अमित शेजारी उभा राहून वाट बघत होता. त्याला तेच हवं होतं, अख्ख्या कॉरिडॉरसमोर. पलीकडच्या बाकावरून वै. माझ्याकडे बघत होती. मामांकडे नाही, अमितकडेही नाही.

मी म्हटलं, "बसा मामा. उभं राहून पाय दुखतील."

ते बसले. आता आम्ही दोघं समोरासमोर. ते बायबल उघडून वाचतायत, मी हे लिहितेय. ते माझ्यासाठी प्रार्थना करत असतील, खरोखर करत असतील, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

प्र. नं कोपरानं ढोसलं. शिपाई माझं नाव घेतोय, चुकीचं, पण माझंच. वै. अजून माझ्याकडेच बघतेय आणि माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.